सोसायटीच्या बागेत कोणतं झाड लावायचं? आधी ते झाड एप्रिलमध्ये बघून या

दर मे महिन्यात कोणी ना कोणी विचारतंच, आमच्या सोसायटीला अॅमेनिटी प्लॉट (सामाईक सोयींसाठी राखलेली मोकळी जागा) मिळालाय, त्यात कोणती झाडं लावू. मी उलट एकच विचारते, जे लावायचं ठरवलंय ते पूर्ण वाढलेलं झाड तुम्ही भर एप्रिलमध्ये कधी नीट बघितलंय का? बहुतेकांनी बघितलेलं नसतं, कारण आपण झाड बघतो ते नर्सरीत, जुलैमध्ये, दोन फुटांचं, हिरवंगार, आणि तेव्हा सगळीच झाडं छान दिसतात.

आम्ही पुण्यात धायरीच्या बाजूला पाच गुंठ्यांच्या बागेत हीच चूक केली होती. ज्येष्ठ नागरिकांच्या बाकांशेजारी हौसेने दोन बहावे लावले. झाडं जगली, सात-आठ वर्षांत अंगाला आली, पिवळे झुंबर लागले, सगळ्यांनी फोटो काढले, पण बहावा फुलतो तेव्हा अंगावर पानं जवळजवळ नसतातच, म्हणजे ज्या महिन्यात म्हाताऱ्या माणसांना सावली हवी नेमक्या त्याच महिन्यात बाकावर चटका. पळस, पांगारा, काटेसावर यांचंही तसंच, सुंदर झाडं आहेत, पक्ष्यांना मध देतात, जरूर लावा, पण कुंपणाकडे लावा, बसायच्या जागी नको. बसायच्या जागी करंज लावा. करंज मार्चच्या आसपास थोडे दिवस पानं टाकतो आणि लगेच अशी पोपटी, चकचकीत पालवी फुटते की एप्रिलमध्ये त्याच्याखाली उभं राहिलं की हायसं वाटतं. पानांवर फोड आणि डाग दिसतात त्याला घाबरायचं नाही, झाड मजेत असतं. कडुनिंबही तसाच, आपण पाडव्याला त्याची कोवळी पानं आणि फुलं खातो ना, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर तो नवा पाला घेऊन तयार असतो.

झाडांची यादी करायच्या आधी मात्र जमीन बघा. पुण्यातले नवे प्लॉट म्हणजे वर चार इंच विकतची लाल माती आणि खाली बिल्डरने टाकलेला राडारोडा, फरशीचे तुकडे, सिमेंटची ढेकळं. पहार घेऊन पाच-सहा ठिकाणी दोन-तीन फूट खोल खणून बघा. खड्डा पाण्याने काठोकाठ भरा, एकदा जिरू द्या, परत भरा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत पाणी उतरलं नसेल तर तिथे शेवगा, पपई लावायचं नाव काढू नका, पहिल्याच पावसाळ्यात मुळं कुजतात. अशा काळ्या, पाणी धरणाऱ्या जागी जांभूळ, अर्जुन, करंज तग धरतात. उलट टेकडीकडचा मुरूम असेल तर पाणी भराभर निघून जातं, तिथे सीताफळ, बोर, कवठ, आवळा, आपटा, कडुनिंब. पुरंदरच्या माळावर सीताफळ कसं फोफावतं ते आठवा, त्याला लाड चालत नाहीत.

आणि बाग पार्किंगच्या स्लॅबवर असेल, म्हणजे पोडियमवर, तर सरळ सांगते, मोठं झाड नाही म्हणजे नाही. दोन-अडीच फूट मातीत झाड सुरुवातीला वाढतं, पण मुळांना धरायला खाली काही नसतं आणि वळवाच्या वाऱ्यात आडवं होतं. तिथे लिंबू, कढीपत्ता, कुंती, तगर, अनंत, जास्वंद एवढ्यावर समाधान माना. स्लॅबवर माती वाढवायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, ओल्या मातीचं वजन फार असतं.

आता उन्हाचं. हे कागदावर काढाच, अगदी वहीच्या पानावर काढलं तरी चालेल. पुण्यात मे महिन्याच्या मध्याला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, तोच तो शून्य सावलीचा दिवस, तेव्हा झाडाची सावली पायाशी पडते. पण डिसेंबरच्या शेवटाला भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, साधारण ४८ अंशांवर, म्हणजे ३० फुटी झाडाची सावली उत्तरेला २७ फूट लांब जाते. तुमचे मेथी-पालकाचे वाफे नेमके तिथे असतील तर हिवाळाभर भाजी रोडकी राहणार, आणि पुण्यात भाजीचा खरा हंगाम तर हिवाळाच. म्हणून उंच झाडं प्लॉटच्या उत्तर कडेला लावा, त्यांची सावली बाहेर पडू दे (बाहेर शेजाऱ्यांचं सोलर नाही ना ते आधी बघा). पश्चिमेला एखादं दाट झाड असू द्या, उन्हाळ्यात तीन वाजताचं तिरकं ऊन वाफ्यांना भाजून काढतं ते अडतं. दक्षिण बाजू मोकळी, नाहीतर बुटकी झाडं.

किती लावायची? इथे सगळ्यांचा हात सुटतो. वाढलेल्या कडुनिंबाचा पसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज ३० फूट होतो, म्हणजे सातशे चौरस फूट एकाच झाडाने व्यापले. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. हिशोब तुम्हीच करा. पाच गुंठ्यांत मी दोन, फार तर तीन मोठी झाडं, सहा-सात मध्यम आणि बाकी झुडपं एवढंच लावीन. पण होतं काय की प्रत्येकाच्या वाढदिवसाला एक झाड येतं, नाही म्हणायला जीव होत नाही, आणि पाच वर्षांनी सगळी एकमेकांच्या अंगावर, उंच, काटकुळी. वाढदिवसाला झाडाऐवजी दोन पोती शेणखत मागा. आणि नंतर काढू असं मनात आणूच नका, १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्याप्रमाणे शहरात झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड तुमच्याच आवारात असलं तरी.

वड, पिंपळ, उंबर यांच्याबद्दल माझ्या मनात फार माया आहे. उंबराला फळं लागली की तांबट, कोकीळ, राखी धनेश, रात्री वटवाघळं, सगळी पंगत बसते. पण पाण्याच्या टाकीपासून, ड्रेनेजपासून, भिंतीपासून निदान ४० फूट जागा असेल तरच, नाहीतर तीच माया टाकी फोडते. तेवढी जागा नसेल तर पक्ष्यांसाठी भोकर लावा, फळं पक्ष्यांना आणि कच्ची असताना लोणच्याला. जांभूळही उत्तम, पण जूनमध्ये खाली जांभळा सडा पडतो, गाड्या लावायच्या जागी किंवा पायवाटेवर लावलंत तर भांडणं ठरलेली.

काय लावू नका तेही सांगून टाकते. सप्तपर्णी सगळीकडे लावतात कारण भराभर वाढते आणि दिसते देखणी, पण दिवाळीच्या सुमाराला तिला फुलं आली की रात्री तो उग्र वास खिडकीतून आत येतो, आमच्या इथे दोन दम्याच्या माणसांना त्या दिवसांत खिडक्या लावून झोपावं लागतं. आता ती झाडं चार मजली झालीत. कोनोकार्पस हे शोभेचं परदेशी झाड तर नकोच, गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. गुलमोहोर मादागास्करचा, दिसतो छान, पण लाकूड ठिसूळ, मुळं वरवर, पावसाळी वाऱ्यात पहिली फांदी त्याचीच पडते, मुलं खेळतात तिथे नको. कण्हेर आणि बिट्टी दोन्ही विषारी, तीही मुलांपासून लांब. आणि चंदन हौसेने लावू नका, पुण्यात चंदनाची झाडं रात्रीतून कापून नेतात, बंगल्यांतून नेतात, सोसायटीचा एकटा वॉचमन काय करणार बिचारा.

मध्यम झाडांत माझं पहिलं मत ताम्हणीला. महाराष्ट्राचं राज्यपुष्प आहे म्हणून नाही तर मूळची ओढ्याकाठची असल्याने जिथे थोडं पाणी मिळतं, म्हणजे नळाच्या किंवा एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) पाण्याच्या लाइनजवळ, तिथे ती खुलते. बकुळ हळू वाढतो पण बारमाही हिरवा आणि दाट, पश्चिमेच्या उन्हासाठी हाच. विजेच्या तारांखाली आपटा, कांचन, पारिजातक. आपटा मात्र दिसेल असा दारात नको, दसऱ्याला ओरबाडून खराटा करतात, आणि ज्यांना ओळखता येत नाही ते कांचनच्या फांद्या मोडून नेतात. सीता अशोक लावायचा असेल तर दुपारची सावली असलेली ओलसर जागा बघा, पुण्याच्या कोरड्या उन्हात त्याची पानं करपतात. भिंतीकडेला आपण जो सरळसोट 'अशोक' लावतो तो आसुपालव, वेगळं झाड आहे. हे सगळे मोठे झालेले बघायचे असतील तर एम्प्रेस गार्डनला एक सकाळ काढा, जानेवारीतलं फुलांचं प्रदर्शन बघायला जाताच ना, तसंच एप्रिलमध्येही जा आणि झाडाखाली उभं राहून वर बघा.

खायच्या झाडांचं थोडक्यात. आंबा कलमीच घ्या, पुण्याच्या हवेत हापूसपेक्षा केसर बरा येतो, कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे आणि जोडाखालून फुटलेले फुटवे लगेच काढायचे, पहिली दोन-तीन वर्षं मोहोर खुडायचा, जिवावर येतं पण खुडायचा. शेवगा तीन फुटांवर एकदा शेंडा मोडला की फांद्या फुटतात आणि शेंगा हाताला येतात, पण पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात, अंगाला लागले तर आग होते, म्हणून घसरगुंडीपासून दूर. केळी तिथे लावा जिथे हात धुवायच्या बेसिनचं पाणी जातं, एका खोडाला एकदाच घड येतो, तो उतरवला की ते खोड कापायचं आणि बुडाशी फुटलेले एक-दोन मुनवे ठेवायचे. आवळा एकटा लावू नका, दोन वेगवेगळ्या जातींची दोन झाडं असली की फळं चांगली धरतात.

लिंबू आणि कढीपत्ता लावलात की पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसेल, काळपट-पांढरं. फवारा काढू नका. जवळ जाऊन बारीक काडीने हळूच टेकवा, डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर येतील आणि उग्र वास येईल. लिंबाच्या फुलपाखराची अळी आहे ती, थोड्या दिवसांनी हिरवी होते, मग कोष. आमच्या बागेत मुलांनी या झाडाला 'फुलपाखरांचं हॉटेल' अशी पाटी लावलीये, चार पानं जातात पण झाड मरत नाही. रोप अगदीच लहान असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडा.

रोप आणायला उरुळी कांचनकडे गेलात तर उंचीला भुलू नका. आम्ही एका नर्सरीतून आठ फुटी बकुळ आणला, पैसे चांगले मोजले. दुसऱ्या पावसाळ्यात कलला, काठी दिली, तिसऱ्या उन्हाळ्यात वाळला. काढायला गेलो तर एका हाताने उपटून आला, आणि खाली मुळं पिशवीच्या आकाराची, गोल गोल वेटोळी, डोक्यावर हंडा घ्यायला चुंबळ करतात ना अगदी तशी. तीन वर्षांत एक मूळ बाहेरच्या मातीत गेलं नव्हतं. तेव्हापासून मी तीन-चार फुटांचंच रोप घेते, पिशवीच्या बुडाला हात लावून बघते, जाड मुळं गोल फिरलेली लागली तर परत ठेवते. लावतानाही पिशवी पूर्ण कापून काढायची आणि थोडी वेटोळी असतीलच तर धारदार कात्रीने उभा छेद द्यायचा.

खड्डे एप्रिल-मे मध्येच खणून उन्हात तापू द्या, फळझाडाला ३ × ३ × ३ फूट, बाकीच्यांना २ × २ × २ चालतो. भरताना उकरलेली वरची माती, दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत, ओंजळभर निंबोळी पेंड. पाणी साचणारी जागा असेल तर खड्ड्याऐवजी फूटभर उंचवटा करून त्यावर लावा. ५ जूनला कार्यक्रम करायचा असेल तर करा, पण पुण्यात तोवर बहुतेक वेळा धड पाऊस झालेला नसतो, तेव्हा त्या दिवशी खड्डे भरा आणि रोपं लावा माती कोपरभर खोल ओली झाल्यावर, म्हणजे जूनअखेर किंवा जुलैमध्ये. खोडाभोवती वाळक्या पानांचं चार बोटं जाड आच्छादन द्या, खोडाला मात्र टेकू देऊ नका.

आणि पाणी, पहिली तीन वर्षं, फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत. आठवड्यातून दोनदा, झाडाला एक बादली, संध्याकाळी, सावकाश. टँकरवर असाल तर रोपाशेजारी बिनरंगाचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवा, वर झाकण, नाहीतर डास होतात. आमच्याकडे प्रत्येक झाड एकेका घराला वाटून दिलंय, खोडाजवळच्या पट्टीवर फ्लॅट नंबर आहे, घरचे गावाला गेले तर किल्लीबरोबर झाडही शेजाऱ्यांकडे सोपवून जातात. लावलेल्या पहिल्या एकवीस झाडांतली एकोणीस तिसरा उन्हाळा काढून उभी आहेत, आणि गेलेल्या दोनांपैकी एक तो आठ फुटी बकुळ.