ऊसतोड महिलांच्या आरोग्याचा अभ्यास: विद्यार्थ्यांना गावात नेण्याआधीची तयारी

बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या आरोग्याचा अभ्यास करायचा आणि त्यासाठी एमबीबीएस, नर्सिंग, फिजिओथेरपीची मिळून दहा मुलंमुली गावात न्यायची असं ठरलं, की आधी कॅलेंडर काढा. प्रश्नावलीचं नंतर बघू. कोयता (ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी) दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतो आणि मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपला, की परततो. जानेवारीत गेलात तर म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं भेटतील. एप्रिल-मेमध्ये माणसं असतात, पण लग्नसराई आणि पाण्याची धावाधाव असते. जून-जुलै पेरणी आणि खुरपणीचा. मुलाखतींना सोयीचा काळ ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरचा मध्य, म्हणजे सोयाबीन काढणीच्या आधी. त्यातूनही पोळा आणि महालक्ष्म्यांचे तीन दिवस वगळा.

तिथून मागे मोजत या. गावाशी बोलणी एप्रिल-मेमध्येच झाली पाहिजेत, कारण त्याआधी बोलायला गावात कुणी नसतं. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिक समितीकडे कागद जूनच्या मध्यापर्यंत गेले नाहीत, तर एका दुरुस्तीच्या फेरीत ऑगस्ट निघून जातो. विद्यार्थ्यांच्या परीक्षेचं वेळापत्रक यात बसत नसेल तर विषय बदला. हंगाम काही तुमच्यासाठी थांबणार नाही.

गावाशी बोलणी म्हणजे सरपंचांचं पत्र नव्हे. ते पत्र लागतंच, पण ते गावात फिरण्यापुरतं. अभ्यासाचा प्रश्न ठरवायला नऊ ते अकरा जणांचा सल्लागार गट करा: आशाताई, अंगणवाडी सेविका, पाच-सहा ऊसतोड बाया, त्यातली किमान एक बंजारा तांड्यावरची आणि एक अर्ध्या कोयत्यावर जाणारी, म्हणजे जोडीला नवरा नसलेली. मुकादमाला, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराला, गटात घेऊ नका. उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) त्याच्याकडून घेतलेली असते. तो बसला की पाठदुखी, पाळी, खाडा यांपैकी कशाबद्दलही कुणी तोंड उघडत नाही. त्याला वेगळं भेटा, मान द्या, अभ्यास काय आहे ते सांगा, आणि तिथेच थांबा. गटाच्या बैठका रात्री जेवणं उरकल्यावर ठेवा. सकाळी अकराची बैठक कॉलेजला सोयीची असते, मजुरी बुडणाऱ्या बाईला नाही. वेळेचा मोबदला किती ते आधीच अर्जात लिहा. बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च देण्याला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांची आडकाठी नाही. रक्कम इतकी मोठी मात्र नको, की नको असताना बाई होकार देईल.

या गटासमोर जाताना प्रश्न कोरा ठेवावा का? पूर्ण कोरा ठेवला तर बैठक रस्ता, टँकर आणि घरकुलावर जाते, आणि ते चुकीचंही नाही. दोन-तीन शक्यता घेऊन जा आणि त्या खोडायची मुभा द्या. गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांवर बीडमध्ये भरपूर विचारून झालं आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारची समितीही नेमली होती. त्याच बाईला पुन्हा 'पिशवी काढली का' एवढंच विचारायला जाण्यात अर्थ नाही. हंगामात गरोदर बाईची तपासणी कुठे होते, माता-बाल संरक्षण कार्डावरच्या नोंदी ऊसतोडीला जातात तिथल्या, म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडच्या, आरोग्य उपकेंद्रात कुणी पुढे चालवतं का, फडाजवळच्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) राहताना लोहाच्या गोळ्या किती दिवस मिळतात, असे प्रश्न गटातून येण्याची शक्यता जास्त, आणि दहा विद्यार्थ्यांच्या आवाक्यातलेही तेच. आरोग्यातली विषमता मोजायची तर नुसती सरासरी कामाची नाही. जमीन आहे की नाही, पूर्ण कोयता की अर्धा, गावठाणात घर की तांड्यावर, हे रकाने पहिल्या मसुद्यातच हवेत. मागाहून आठवले तर ते कुणाकडून भरून घेणार?

नमुना दवाखान्यात बसून निवडू नका. गडचिरोलीत राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतल्या स्त्रिया गावात जाऊन तपासल्या म्हणून ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचं १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडता आलं. ओपीडीच्या रजिस्टरवरून हा आकडा कधीच निघाला नसता. प्रमाण साधारण ५० टक्के धरून, ९५ टक्के विश्वासपातळी आणि ७ टक्के चूक चालवून घेतली तर १९६ मुलाखती लागतात. ५ टक्के चूक हवी म्हणालात तर ३८४. एका जोडीच्या दिवसाला पाच-सहा मुलाखती होतात. पाच जोड्या धरल्या तर १९६ ला साधारण आठ दिवस. पहिल्या खेपेला दार बंद असलं तर दोनदा परत जायचं, शेजारचं घर धरायचं नाही. विद्यार्थी इथेच हमखास चुकतात, कारण शेजारी बसलेली बाई बोलकी असते आणि ज्या घरी कुणी सापडत नाही तेच घर रोज कामावर जाणारं असतं. घरांची यादी आशाताईंच्या रजिस्टरवरून घ्या, पण तांडा आणि रानातल्या वस्त्या स्वतः फिरून जोडा. एमबीबीएसच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमातली घरं यात आली तर त्यांची संमती वेगळी घ्यावी लागते. रक्तदाब तपासू दिला म्हणजे संशोधनाला होकार दिला असं होत नाही.

संमतीपत्रक एका पानाचं, मोठ्या अक्षरात, वाचून दाखवायचं. अंगठा असेल तिथे साक्षीदार लागतो आणि तो संशोधन गटाबाहेरचा हवा. ऐनवेळी शोधाशोध झाली की मुकादमाचा भाऊ सही करून जातो. यापेक्षा अवघड गोष्ट अठरा वर्षांखालच्या विवाहित मुलींची. अशी मुलगी गरोदर असल्याचं कळलं तर पॉक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्यानुसार पोलिसांना माहिती देणं बंधनकारक आहे. विद्यार्थ्याने दारात उभं राहून हा निर्णय घ्यायचा नसतो. अठराखालच्या मुली अभ्यासात घ्यायच्या की नाही, घेतल्या तर संमतीच्या वेळी काय सांगायचं आणि कळल्यावर कुणी काय करायचं, हे नैतिक समितीकडून लेखी घेऊन ठेवा.

प्रशिक्षणाला तीन दिवस खोलीत आणि दोन दिवस अभ्यासाबाहेरच्या गावात. एमबीबीएसची मुलं मुलाखतीत लगेच सल्ला द्यायला लागतात, 'हिरव्या पालेभाज्या खा' वगैरे. ते मोडायला प्रत्येकाची एक सराव-मुलाखत रेकॉर्ड करून ऐकवा. बाईच्या वाट्याचं बोलणं निम्म्याहून कमी भरलं तर पुन्हा सराव. दर जोडीत एक नर्सिंगची विद्यार्थिनी ठेवा आणि पाळी, अंगावरून पांढरं जाणं, लघवीची जळजळ हे प्रश्न तिने, पुरुष जोडीदार बाहेर गेल्यावर विचारावेत. तांड्यावर गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी सोबत लागते, पण त्याच तांड्यावरची नको. उचल आणि कर्जाचे प्रश्न शेवटी.

हिमोग्लोबिन तपासणार असाल तर बोट कोरडं करून टोचा, पहिला थेंब पुसा, पिळू नका. पिळलं की पेशीबाहेरचं पाणी मिसळून आकडा खाली येतो. ऊसतोडीच्या हाताची कातडी जाड असते, तेव्हा करंगळीशेजारच्या बोटाची कड घ्या. क्युव्हेटची (रक्ताचा थेंब घ्यायच्या छोट्या पट्टीची) डबी प्रत्येक वेळी लगेच बंद करा. दमट हवेत रसायन खराब होतं. टोचायची सुई (लॅन्सेट) भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, आणि ते परत आणायची जबाबदारी एकाच्या नावावर. गरोदर बाईचं ७ च्या खाली निघालं तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात न्यायला गाडी कुठली, हे ठरल्याशिवाय एकही बोट टोचायचं नाही.

टॅबलेटवर कोबो या माहिती भरायच्या ॲपचा फॉर्म नेटशिवाय चालतो. जीपीएस बंद ठेवा, कारण तांड्यावरच्या घराचा अक्षांश-रेखांश म्हणजे बाईचं नावच. नाव आणि कोड जोडणारी वही मार्गदर्शकाच्या कपाटात. परिषदेच्या पोस्टरवर गावाचं नाव छापू नका. गावाचं नाव आलेल्या बातम्यांचा त्रास पुढे गावातल्या मुलींना होतो.

निष्कर्ष आधी गावात, मग परिषदेत. कोयता निघण्यापूर्वी, म्हणजे सप्टेंबरअखेर, एका पानावर मराठीत मांडून सल्लागार गटाला वाचून दाखवा आणि त्यांनी काढून टाकायला सांगितलेलं वाक्य का ठेवलं किंवा का काढलं ते लिहून ठेवा. या फेरीचं भाडं, चहापाणी आणि मजुरी मूळ अंदाजपत्रकातच घाला. उरलेल्या पैशांतून करू म्हटलं की ती फेरी होत नाही.