हनीड्यूला फळ धरत नाही? मग बी संक्रांतीला भिजवा

हनीड्यू म्हणजे गुळगुळीत, पांढरट सालीचं खरबूज. ज्याला साधं जाळीदार खरबूज जमतं त्याला हेही जमावं. पण हे तयार व्हायला जास्त दिवस घेतं, आणि पिकलं तरी तसं कळू देत नाही. मराठवाड्यात त्यातली पहिली गोष्ट जास्त नडते.

"उन्हाळी फळ आहे, मार्चमध्ये लावा" हा सल्ला दर वर्षी कुठून तरी फिरून येतोच. उन्हाळ्यात खायचं फळ उन्हाळ्यात लावायचं नसतं. मार्चमध्ये लावलेल्या वेलाला फुलं येतात एप्रिलच्या मध्यावर. तेव्हा परभणी-नांदेडकडं पारा चाळिशीच्या पुढं गेलेला असतो. पस्तीसच्या वर परागकण निकामी व्हायला लागतात, मग वेल मांडवभर पसरतो आणि फळ एकही धरत नाही. म्हणून संक्रांतीच्या आठवड्यात बी भिजवा. फार तर फेब्रुवारीचा पहिला आठवडा, त्यापुढं यंदाचं राहू द्या.

जानेवारीतल्या थंडीत बी उघड्यावर टाकू नका, ते कुजतं. सहा-आठ तास भिजवून ओल्या फडक्यात बांधा, मटकीला मोड आणतो तसं, आणि उबेला ठेवा. मोड दिसला की कागदी कपात एक सेंटिमीटर खोल लावा. दिवसा ऊन, रात्री घरात. दोन-तीन खरी पानं आली की कपाचा तळ फाडून कपासकट वाफ्यात. याची मुळं दुखावली तर वेल पंधरा दिवस रुसतो, म्हणून ट्रेमधून उपटून लावणं मला पटत नाही.

काळ्या रानात गादीवाफाच करा, एक वीत उंच, भरपूर शेणखत घालून. पाणी साचलं की मर, म्हणजे वेल सुकून मरायचा रोग, लागलीच समजा. दोन वेलांत दोन फूट अंतर. गच्चीवर रंगाची वीस लिटरची बादली चालते, पण एका बादलीत एकच वेल. वर सोयाबीनचं भुसकट अंथरा.

आता खरी अडचण. वेलाला आधी येतात ती सगळी नर फुलं. आठ-दहा दिवस तीच येतात आणि गळतात. लोक घाबरून युरिया टाकतात. हे अजिबात करू नका. नत्र वाढलं की पाला माजतो आणि फळाची फुलं आणखी लांबतात. उष्णता वाढली तरी नर फुलंच जास्त येतात, म्हणजे उशिरा लावून वर युरिया देणाऱ्याला दोन्हीकडून मार.

फळाची फुलं मुख्य वेलावर क्वचितच येतात, ती येतात बगलफुटीवर. म्हणून वेलाला चार-पाच पानं झाली की शेंडा खुडा. हात धजत नाही, मला माहीत आहे, पण खुडा. मग बगलेतून दोन-तीन फांद्या फुटतात आणि त्यांच्या पहिल्या-दुसऱ्या पेरावर फळाचं फूल येतं. ओळखायला सोपं: पाकळ्यांच्या मागं बोराएवढी लवदार गाठ असते. नर फुलाच्या मागं नुसता बारीक देठ.

खरबुजाच्या या फुलात पुंकेसरही असतात, त्यामुळं "ते आपोआप फळतं" असं छातीठोक सांगणारे भेटतात. पराग चिकट असतो, वाऱ्यानं हलत नाही, माशी बसल्याशिवाय काम होत नाही. आणि गावातल्या गच्चीवर मधमाश्या असतीलच याचा भरवसा धरू नका. हातानं करा. सकाळी फूल उमललं की, उन्हं चढायच्या आत, साधारण नऊपर्यंत. त्याच दिवशी उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका आणि आतला पिवळा भाग फळाच्या फुलाच्या मधोमध असलेल्या टोकावर हलकेच फिरवा. पराग पिवळा आणि भुकटीसारखा दिसला पाहिजे. दिसत नसेल तर ते फूल टाकून दुसरं घ्या. फूल एकच दिवस टिकतं, दुपारी करून उपयोग नाही. संध्याकाळी तर नाहीच.

तीन-चार दिवसांत गाठ फुगायला लागली तर फळ धरलं. पिवळी पडून गळाली तर पुन्हा करा, एवढंच. धरलेल्या फळाच्या देठाजवळ तारखेची चिठ्ठी दोऱ्यानं बांधा. ही चिठ्ठी बांधायचा कंटाळा करणाऱ्यानं पुढचं वाचू नये, कारण पुढचं सगळं त्या तारखेवर आहे. एका वेलावर दोन फळं ठेवा, बादलीत असेल तर एकच. बाकीची खुडून टाका. पाच ठेवलीत तर पाचही पाणचट निघतील.

होळीच्या आसपास फुलं आणि मार्च संपेपर्यंत फळं धरलेली, एवढं जमलं की पुढं फार काही नाही. पाणी मुळाशी आणि नियमित द्या. कोरडं पाडून एकदम भरपूर दिलं तर फळ तडकतं. एप्रिलात बोअर आटतो तेव्हा वेलाशेजारी गळ्यापर्यंत पुरलेलं साधं भाजलेलं मातीचं मडकं कामाला येतं, दर दोन-तीन दिवसांनी ते भरायचं. फळाखाली कौलाचा तुकडा, वरून पाला किंवा वाळलं गवत; पांढऱ्या सालीला दुपारचं ऊन भाजून काढतं.

फळमाशीसाठी फळ लिंबाएवढं झालं की कागदी पिशवी बांधा. सापळा लावणार असाल तर क्यू ल्यूरचा मागा, ते या माशीला ओढणारं आमिष आहे. दुकानात आंब्याचा मिथाइल युजेनॉलचा सापळा पुढं करतात, त्यात ही माशी येत नाही. भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पावडरीसारखी बुरशी, दिसली तर गंधक मारू नका, खरबुजाची पानं त्या उन्हात करपतात. रोगट पानं काढा, वेल मोकळा ठेवा. निंबोळी अर्क फवारायचा तो संध्याकाळी.

आणि शेजारी काकडी आहे म्हणून फळ फिकं झालं, हे डोक्यातून काढा. काकडीशी याचा संकर होतच नाही. शेंदाडाशी होतो, पण त्यानं बिघडतं ते बी, यंदाचा गर नाही. बाजारच्या संकरित फळाचं बी लावलं तर मात्र काय निघेल याची खात्री नसते, पाकीटच आणा.

तोडणी. जाळीदार खरबूज पिकलं की देठाशी भेग पडते आणि हात लावताच सुटतं. हनीड्यू सुटत नाही. देठ सुटायची वाट बघाल तर वेलावरच सडेल. चिठ्ठी बघा: धरल्यापासून पस्तीस-चाळीस दिवस झाले की रोज हात लावायला सुरुवात करा. हिरवट झाक जाऊन साल मलईसारखी पिवळसर होते, अंगावरची लव जाते आणि हाताला किंचित मेणचट लागते. फुलाकडचं टोक दाबलं की जरासं नमतं. यातल्या दोन खुणा जुळल्या तरच तोडा. कच्चं तोडून आंब्यासारखं आढीत घालणारे आहेत. फळ मऊ पडतं, गोड होत नाही, कारण याची साखर वेलावरच भरते. तोडायच्या आधी आठवडाभर पाणी कमी करा, पण वेल कोमेजू देऊ नका.

कात्रीनं कापा, देठ दोन बोटं ठेवून. दोन दिवस घरात सावलीत ठेवा आणि मग फ्रीजमध्ये.