रहस्यपट लिहिताना आणि शूट करताना: कोणाला काय ठाऊक, आणि कधी

कॉलेजच्या शॉर्टफिल्मसाठी खुनाची गोष्ट ठरली की आधी शोधाशोध होते ती खेळण्यातल्या पिस्तुलाची. पिस्तूल राहू द्या, एका कागदावर तीन रकाने आखा: प्रेक्षक, तपास करणारा, गुन्हेगार. प्रत्येक सीन संपताना कोणाला काय ठाऊक आहे ते त्यात लिहा. खुनी कोण हे प्रेक्षक आणि तपास करणारा दोघांनाही माहीत नसेल, तर तो रहस्यपट. प्रेक्षकाला माहीत आहे, पण ज्याच्या जिवावर बेतलंय त्याला नाही, तर थरारपट. गुन्हेपटात 'कोणी केलं' हे लपवायचंच नसतं. तो का करतो आणि कुठवर निसटतो हे बघायचं असतं.

दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये यातलं एकच पेलतं. अर्धी फिल्म खुनी लपवायचा आणि मग मधेच कॅमेरा त्याच्या घरात न्यायचा, यात रहस्य फुटतं आणि थरार काही येत नाही.

लिहायला बसाल तेव्हा आधी गुन्हा घड्याळाप्रमाणे लिहून काढा: कोण किती वाजता शिरला, कशाला हात लावला, कुठून बाहेर पडला. ही यादी पडद्यावर दिसणार नाही, पण ती नसेल तर शेवटच्या सीनमध्ये खुनी स्वतःच उभा राहून सगळं सांगत बसतो. संशयित तीन पुरे, त्यांतला एक हूल देणारा. त्याला स्वतःचं वेगळं गुपित द्या. समजा, आईची चेन त्याने गहाण ठेवलीय म्हणून तो खोटं बोलतोय. हे गुपित शेवटाआधी उघडं करा, नाहीतर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं.

पुरावा तीनदा यायला हवा: एकदा दिसतो, एकदा बोलण्यात निसटतो, एकदा उलगडतो. नागपुरातली मे महिन्याची गोष्ट घ्या. दुपारी दोनला, पारा 45च्या आसपास, महाल या जुन्या वस्तीतली गल्ली ओस आणि घरोघरी कूलरची घरघर. शेजाऱ्याला किंचाळी का ऐकू आली नाही, हे वेगळं सांगावंच लागत नाही. शिवाय अशा उन्हात कूलरची टाकी काही तासांत तळाला जाते. घरात सकाळपासून कोणी आलं नाही असं सगळे सांगतात, पण संध्याकाळी टाकी काठोकाठ भरलेली. मग पाणी टाकलं कोणी?

ही टाकी पहिल्यांदा वाइड शॉटमध्ये, कोपऱ्यात, तीनेक सेकंद दिसू द्या. क्लोजअप घेतलात की प्रेक्षकाच्या हातात चिठ्ठी दिल्यासारखंच. त्याच शॉटमध्ये लगेच मृताचा फोन वाजवा. नजर तिकडे जाते, टाकी मात्र डोक्यात राहते. दुसऱ्यांदा नुसतं कोणीतरी वैतागून म्हणावं, "कूलरमधी पाणी टाकलं का बे?" पात्रं नागपूरची असतील तर त्यांना पुणेरी बोलायला लावू नका, मधेमधे हिंदी येऊ द्या.

हाच कूलर साउंडचा मात्र शत्रू. संवादाच्या वेळी तो बंद ठेवा, त्याचा आवाज मिनिटभर वेगळा रेकॉर्ड करा आणि एडिटमध्ये संवादाखाली हळू टाका. खोलीची शांतताही तीस सेकंद घ्या, नाहीतर प्रत्येक कटला आवाज तुटतो.

गुन्हा म्हणजे अंधार, हा संकेत मोबाइलवर शूट करणाऱ्यांना महाग पडतो, कारण अंधारात चित्र दाणेदार होतं. भर उन्हातली रिकामी गल्ली जास्त घाबरवते, आणि ती फुकट मिळते. रात्र हवीच असेल तर सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटं पकडा आणि रस्ता ओला करा, म्हणजे दिवे खाली उमटतात. उन्हाळ्यात पाणी बघताबघता वाळतं, म्हणून प्रत्येक टेकसाठी बादली भरलेली ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची आहे. ट्यूबलाइटखाली सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं. एक्सपोजर (चित्राचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करायला विसरू नका.

पोलिसांचं काम दाखवताना सगळ्यात जास्त चुका होतात. मृतदेह सापडल्याबरोबर 'खून' म्हणत नाहीत. कारण स्पष्ट नसेल तर आधी मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होतो. पंचनाम्याला दोन पंच लागतात. शेजारच्या पानटपरीवाल्याला पंच केलंत तर एक चांगलं पात्र आयतं मिळतं. पीएसआयच्या खांद्यावर दोन स्टार, ठाणेदार म्हणजे पीआय असेल तर तीन. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत. त्यानंतरच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम 103 लागतं, त्यामुळे 'तीनशे दोन लावतो' हा लाडका संवाद त्याआधीच्या गोष्टीतच शोभतो. झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरणही आता करावं लागतं. शिपायाच्या मोबाइलमधलं ते फुटेजच तुमचा पुरावा होऊ शकतं: टाकी तिथेच दिसू द्या.

पोस्टमॉर्टेम नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात होईल. डॉक्टरच्या तोंडी 'मृत्यू दोन वाजून दहा मिनिटांनी' असं वाक्य देऊ नका. तो काही तासांचा पल्ला सांगतो. शरीर ताठरायला साधारण दोन-चार तासांत सुरुवात होते, पूर्ण ताठरायला बाराएक तास लागतात. उष्णतेत हे लवकर घडतं, गारव्यात उशिरा. कूलर चालू होता की बंद, यावरून डॉक्टरचा अंदाज सरकतो.

रक्तासाठी एक कप लिक्विड ग्लुकोज (बेकरीचं सामान मिळतं तिथे मिळतो), एक चमचा खाण्याचा लाल रंग, अर्धा चमचा कोको आणि निळ्या रंगाचे एक-दोन थेंब. कोको नसेल तर ते सरबतासारखं दिसतं. कपड्याच्या कोपऱ्यावर आधी लावून बघा, डाग जात नाही. शॉट झाला की लगेच पुसा, मुंग्या वाट बघत नाहीत.

वर्दी आणि पिस्तूल रस्त्यावर उघडं नेऊ नका. जवळच्या ठाण्यात आधी लेखी कळवा, वर्दी लोकेशनवर पोहोचल्यावरच चढवा आणि पॅकअप होताच उतरवा.

कच्चा कट झाला की गोष्ट माहीत नसलेल्या सहा जणांना दाखवा. खुलाशाच्या सीनआधी थांबवा आणि प्रत्येकाला खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहायला सांगा. सहाही बरोबर असतील तर टाकीचा शॉट दीड सेकंदावर आणा. सहाही चुकले, आणि खुलासा पाहिल्यावरही कोणाला टाकी आठवली नाही, तर कूलरवाला संवाद फोन वाजण्याच्या सीनपासून दूर हलवा आणि दुसऱ्या सहा जणांना बोलवा.