स्प्रिंग मऊ की कडक? सॅगच सांगतो

घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत बाइकचा मागचा शॉक (धक्के झेलणारा स्प्रिंगचा भाग) तळाला आपटत होता. प्रीलोड, म्हणजे रिंग फिरवून स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, आवळत जाणं हा उपाय नव्हे.

मागचं चाक उचलून एक्सलपासून टेलवरच्या खुणेपर्यंत माप: ६०० मिमी. हेल्मेट, बूट घालून बसल्यावर ५४०, म्हणजे सॅग (वजनाने गाडी जितकी खाली बसते ते अंतर) ६०. ट्रॅव्हल (चाक वर-खाली होण्याचं पूर्ण अंतर) १७० मिमी, म्हणजे सॅग त्याच्या साधारण ३०%, ५० च्या आसपास हवा. रिंग आवळून तो ५१ वर आला, पण रिकाम्या गाडीचा सॅग फक्त ४ उरला. इथेच बहुतेक जण फसतात: रिकामी गाडी ताठ वाटते, म्हणून स्प्रिंग कडक समजतात. खरं तर ती मऊ असते, प्रीलोडने नुसती दाबलेली. एक पायरी कडक स्प्रिंग घातल्यावर: बसून ५०, रिकामी १६. आपटणं थांबलं. रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला मिळणारा अटकाव) मात्र दोन क्लिक वाढवावा लागला, नाहीतर सीट उसळते.