पावसाळ्यात रिसीव्हर बंद पडायचा, तो असा सुधारला

फोंड्यातल्या आमच्या घरासाठी ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एका सबवूफरला आवाज पुरवणारं यंत्र) निवडताना वॅटच्या आकड्यांपेक्षा मी दोन गोष्टी पाहिल्या: आमच्या ६ ओहमच्या स्पीकरना तो चालतो का, आणि त्यात ईआर्क, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलवरून रिसीव्हरकडे आणणारी सोय, आहे का. तिच्या जुन्या रूपातून, साध्या आर्कमधून, डॉल्बी ट्रूएचडी हा मूळ दर्जाचा आवाज येत नाही. ईआर्क टीव्हीलाही असावं लागतं.

पावसाळ्यात मात्र आवाज वाढवला की ‘टक’ व्हायचं आणि सगळं बंद. दुकानदार म्हणाला, बोर्ड गेला. मला पटेना. प्लग काढून मागे टॉर्च मारला, तर उजव्या स्पीकरच्या तारेचं तांबं दमट हवेने हिरवं पडलेलं, आणि केसाएवढा एक धागा लाल टर्मिनलवरून काळ्याला टेकलेला. असा शॉर्ट झाला की प्रोटेक्शन सर्किट रिसीव्हरला वाचवायला तो बंद करतं. चकचकीत तांबं दिसेपर्यंत तार कापली, घट्ट पीळ दिला, बनाना प्लग (तारेच्या टोकाला लावून टर्मिनलमध्ये खोचायच्या पिना) बसवले. रोग गेला.

मग पंखा बंद करून, आई बसते तिथे तिच्या कानाच्या उंचीवर माइक ठेवून कॅलिब्रेशन केलं, म्हणजे रिसीव्हरला स्पीकरचा आवाज खोलीनुसार जुळवू दिला. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफरकडे. संवाद ज्यातून येतात तो सेंटर स्पीकर थोडा वाढवलाच, कारण कौलांवर पाऊस कोसळू लागला की आधी संवाद बुडतात. आईला आता नाटकातलं वाक्य न् वाक्य कळतं.