लाकडी फ्लोअर निस्तेज झालाय? जाळीच्या डिस्कने घरीच असा घासा

न्यू जर्सीतलं आमचं घर जुनं, खाली सगळीकडे रेड ओकच्या पट्ट्या, आणि सोफ्यापासून किचनपर्यंतची येण्याजाण्याची वाट एवढी कळकट झालेली की पाहुणे येणार असले की मी तिथे मुद्दाम गालिचा अंथरायचो. एकाने सांगितलं अख्खा फ्लोअर सँड करावा लागेल, म्हणजे कोरं लाकूड लागेपर्यंत घासून काढावा लागेल. अहो, लाकडाला काही झालंच नव्हतं, झिजला होता तो वरचा पॉलियुरेथेनचा थर, म्हणजे लाकडावरचा पारदर्शक लेप. तो जरासा घासून वर नवा कोट द्यायचा, आणि घासायला भाड्याचं बफर मशीन (फ्लोअरवर पॅड गोल फिरवणारं) आणि जाळीच्या डिस्क पुरतात.

आधी तुमच्या फ्लोअरला हे चालेल का ते बघा. सगळ्यात झिजलेल्या जागी पाण्याचे दोनचार थेंब टाकून पाच मिनिटं थांबा. थेंब तसेच राहिले तर थर शाबूत आहे, पाणी मुरून लाकूड काळपट पडलं तर ही जाळी पुरणार नाही, मुळापासून सँडिंगच करावं लागेल. मग पांढऱ्या फडक्यावर मिनरल स्पिरिट (रंगाच्या थिनरसारखं द्रव) घेऊन एका कोपऱ्यात घासा, फडक्याला पिवळट-तपकिरी काही लागलं तर फ्लोअरवर मेण आहे आणि त्यावर नवा कोट धरणार नाही. घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या वॉर्निशमध्ये शिसं आहे का तेही टेस्ट करा, मगच धूळ उडवा. आमचं आधीचंच, त्यामुळे ते केलंच.

डिस्क म्हणजे फायबरग्लासची जाळी, खिडकीला डासांसाठी लावतो तशीच दिसते पण कडक, आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉन कार्बाइडचे कण. सँडपेपर धुळीने भरून गुळगुळीत होतो, हिच्यात धूळ भोकांतून निघून जाते. एक बाजू बोथट झाली की उलटी करायची. नंबर १२० किंवा १५० घ्या (नंबर जितका लहान तितके कण जाड), ६० किंवा ८० ने पडलेले ओरखडे नव्या कोटखालून उठून दिसतात. कोरी डिस्क जरा जास्तच बोचरी असते, म्हणून दोन नव्या डिस्क एकमेकींवर थोडा वेळ घासून घ्या.

बफर साधारण १७ इंची, मिनिटाला १७५ फेरे. मशीनखाली जाड पॅड आणि पॅडखाली जाळी, वजनानेच ती धरून राहते. मी पहिल्यांदा हँडल गच्च धरून ढकलायला गेलो आणि मशीन मला घेऊन थेट भिंतीच्या पट्टीवर, तिथला खड्डा अजून आहे. ढकलायचं नसतंच! हँडल जरासं खाली केलं की ते डावीकडे जातं, जरासं वर केलं की उजवीकडे, बस. सुरुवात खोलीच्या मधोमध करा, वायर खांद्यावर टाका, आणि चालू मशीन एका जागी थांबवू नका, गोल चट्टा पडतो. आणि हो, आपल्याकडे लादी पॉलिशवाला बादलीने पाणी ओतत मशीन फिरवतो ते इथे विसरा, हे काम एकदम कोरडं.

कधी थांबायचं? टॉर्च जमिनीलगत आडवी धरून बघा, सगळीकडे सारखी धुरकट झाक दिसली की झालं. मध्येच चमकणारा ठिपका दिसला तर तिथे जाळी लागलेलीच नाही. उघडं लाकूड दिसायला लागलं तर मात्र लगेच थांबा.

भिंतीलगतच्या फ्लोअरपर्यंत मशीन पोचत नाही, तिथे वापरलेली डिस्क कात्रीने कापून हाताने, लाकडाच्या रेषेरेषेने घासा. गुडघे बोलतात, पण कंटाळा केलात तर नवा कोट नेमका तिथूनच सुटतो.

मग व्हॅक्यूम, दोनदा, आणि ओलसर मायक्रोफायबरने पुसणं. धुळीची पिशवी लगेच घराबाहेर काढा, ही धूळ आपोआप पेट घेऊ शकते. फ्लोअर सुकला की पंखा, एसी बंद करून पाण्यातलं पॉलियुरेथेन लावा, लावलेल्या कोटची ओली कड सुकू न देता, आतल्या भिंतीपासून दाराकडे येत, नाहीतर कोपऱ्यात अडकून बसाल. डब्यावर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर मोजे घालून चालायला २४ तास थांबा. गालिचा मात्र निदान आठवडाभर गुंडाळूनच ठेवा, आमचा तर अजून गॅरेजमध्येच पडलाय.