वैद्यकीय गांजाविषयीचे दावे कसे तपासावेत

‘गांजा औषधी आहे का?’ या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येत नाही. जो ते देतो, मग तो उत्साही समर्थक असो वा कट्टर विरोधक, तो बहुधा प्रश्नाचे निम्मे तपशील वगळत असतो. स्वतःसाठी किंवा घरातील रुग्णासाठी हा पर्याय पडताळून पाहणाऱ्याने म्हणून आधी प्रश्नच नेमका करून घ्यावा: कोणता घटक, कोणत्या आजारावर, किती मात्रेत आणि कोणत्या कायद्याच्या कक्षेत?

सुरुवात घटकापासून करावी. या वनस्पतीत कॅनाबिनॉइड नावाची शंभराहून अधिक रासायनिक संयुगे आढळतात. त्यांपैकी टीएचसीमुळे नशा येते, तर सीबीडीमुळे तशी नशा येत नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये मान्यता दिलेले एपिडिओलेक्स हे वनस्पतीपासून काढलेले शुद्ध सीबीडी आहे. त्याच संस्थेने १९८५ मध्ये मान्य केलेले ड्रोनाबिनॉल हे प्रयोगशाळेत बनवलेले टीएचसी आहे. ब्रिटनमध्ये २०१० पासून मिळणाऱ्या सॅटिव्हेक्स या तोंडात मारायच्या फवाऱ्यात दोन्ही घटक आहेत. यांपैकी एकावर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष दुसऱ्याला लागू होत नाही, आणि सुकवलेली फुले ओढण्याला तर त्याहूनही नाही. हा फरक न सांगता ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे म्हणणारा मजकूर तिथेच बाजूला ठेवावा.

त्यानंतर आजार पाहावा. केमोथेरपीने होणारी मळमळ व उलट्या, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातील स्नायूंचा ताठरपणा आणि ड्रावे व लेनॉक्स-गॅस्टॉ हे बालपणी सुरू होणारे अपस्माराचे दोन कठीण प्रकार, एवढ्या ठिकाणी पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. अपस्मारातही सीबीडी बहुधा चालू औषधांच्या जोडीला दिले जाते, त्यांच्या जागी नव्हे. काचबिंदूत गांजामुळे डोळ्यातील दाब उतरतो हे खरे, पण तो परिणाम तीन-चार तासच टिकतो आणि दाब तर दिवसरात्र ताब्यात ठेवावा लागतो. त्यामुळे नेत्रतज्ज्ञ या उपायाची शिफारस करत नाहीत. कर्करोग बरा होतो हा दावा मुख्यतः प्रयोगशाळेतील पेशींवर आणि प्राण्यांवर झालेल्या प्रयोगांवर उभा आहे. त्याच्या भरवशावर चालू उपचार सोडणे घातक ठरेल.

खरा वाद आहे तो दीर्घकालीन वेदनांचा, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०१७ च्या अहवालाने प्रौढांच्या दीर्घकालीन वेदनांवर गांजा उपयोगी असल्याचा ठोस पुरावा आहे असे म्हटले. वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मात्र २०२१ मध्ये, वेदनांसाठी कॅनाबिनॉइडच्या सर्वसाधारण वापराला आपण पाठिंबा देत नाही, अशी भूमिका घेतली. दोघांपैकी कोणी खोटे बोलत नाही. चाचण्यांत दिसलेला सरासरी फायदा लहान आहे, अनेक चाचण्या काही आठवड्यांत संपलेल्या आहेत, आणि टीएचसी घेणाऱ्याला आपल्याला खरे औषध मिळाले आहे हे नशेवरून कळत असल्याने प्लासिबोशी (औषधासारख्या दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या मात्रेशी) निखळ तुलना होऊ शकत नाही. तेव्हा वेदनांविषयीचे संशोधन वाचताना चाचणी किती काळ चालली, आराम किती पडला आणि दुष्परिणामांमुळे किती जणांनी ती सोडली, हे तीन आकडे शोधावेत. माझ्या मते तिसरा आकडा सर्वांत बोलका असतो.

सुरक्षिततेच्या बाजूने नेहमी पुढे येणारा मुद्दा म्हणजे अतिमात्रेने मृत्यू होत नाही. श्वसनावर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या भागात कॅनाबिनॉइड ज्यांना चिकटून परिणाम करतात ते पेशींवरील ग्राही (रिसेप्टर) फारच थोडे असल्याने अफूजन्य औषधांप्रमाणे श्वास बंद पडण्याचा धोका इथे नसतो, एवढाच त्याचा अर्थ. स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकांना सायकोसिस (भास-भ्रम होणारा, वास्तवाचे भान सुटणारा मानसिक आजार) झालेला असल्यास टीएचसी टाळावे. गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात कोणताही प्रकार घेऊ नये, आणि किशोरवयात विशेष सावधगिरी बाळगावी. हृदयविकार असल्यास डॉक्टरांना तसे आधीच सांगावे. चालू औषधांची पूर्ण यादी दाखवावी: सीबीडीमुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरीनचा परिणाम वाढू शकतो, अपस्मारावरील औषधांपैकी क्लोबाझामसोबत गुंगी वाढते आणि व्हॅल्प्रोएटसोबत यकृताची तपासणी करत राहावी लागते. तोंडाने घेतलेल्या मात्रेचा परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागतात. काहीच होत नाही म्हणून दुसरी मात्रा घेणाऱ्यांचीच फसगत अधिक होते. गुंगी असेपर्यंत वाहन चालवू नये.

लेबलवर आंधळा विश्वास नको. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांच्या २०१७ मधील तपासणीत जेमतेम ३१ टक्के लेबले अचूक निघाली, आणि १८ उत्पादनांत टीएचसी आढळले. विक्रेत्याकडे त्याच बॅचचा स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मागावा.

कायदा तपासताना ‘वैध की अवैध’ एवढे विचारून भागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला १९६१ च्या कराराच्या सर्वांत कडक अनुसूचीतून काढले, तरी त्यावरील आंतरराष्ट्रीय नियंत्रण कायम राहिले. प्रत्यक्ष परवानगी प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो. तो कुठे वनस्पतीच्या भागावर बेतलेला असतो: भारताच्या १९८५ च्या कायद्यात फुलोऱ्याचे शेंडे ‘गांजा’ ठरतात, पण शेंड्यांशिवायची पाने व बिया त्या व्याख्येबाहेर राहतात. कुठे प्रमाणावर: अमेरिकेच्या २०१८ च्या कृषी कायद्याने ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेले हेम्प (याच वनस्पतीचा कमी टीएचसीचा प्रकार) वेगळे काढले. तर कुठे डॉक्टरवर: ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०१८ पासून विशेषज्ञच ही औषधे सुरू करू शकतात. एका देशातील चिठ्ठी दुसऱ्या देशात चालेल असे गृहीत धरू नये, आणि विमान मध्ये जिथे थांबणार असेल तिथला कायदाही पाहावा. नोकरीत अमली पदार्थांची चाचणी होत असल्यास नियोक्त्याचा नियम आधी लेखी विचारून घ्यावा, कारण नियमित वापरानंतर टीएचसीचे अवशेष लघवीत काही आठवडे सापडू शकतात आणि चिठ्ठी असूनही नोकरी धोक्यात येऊ शकते.

एवढे पाहून उपचार घ्यायचे ठरलेच, तर पहिल्या मात्रेपूर्वी डॉक्टरांसोबत दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: कोणते लक्षण किती कमी झाले म्हणजे उपयोग झाला असे मानायचे, आणि किती आठवड्यांत तसे न झाल्यास औषध बंद करायचे.